उजव्या मागच्या चाकाचेच लायनर का झिजते? जुन्या गाडीच्या ड्रम ब्रेकविषयी मार्गदर्शन हवे आहे

होटगीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी आजही सोलापुरात रोज होटगी रोडवरून सात रस्त्यापर्यंत जाते, अधूनमधून अक्कलकोटला किंवा तुळजापूरला जाते, आणि ती आणखी बरीच वर्षे चालावी अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे.

मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणारे कमानीसारखे भाग) गेल्या उन्हाळ्यात एकाच वेळी नवे बसवले होते. परवा मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येऊ लागला म्हणून ड्रम उघडून घेतले. उजव्या चाकाच्या पुढच्या शूचे लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, जवळजवळ संपलेले, मागच्या शूचे अर्ध्यावर आलेले आणि ड्रमला आतून चरे पडलेले दिसले. डाव्या चाकाचे दोन्ही शू मात्र बसवले तेव्हा होते तसेच आहेत. मिस्त्रींचे म्हणणे असे की उजवीकडे नवा ड्रम आणि नवे शू टाकून मोकळे व्हावे. मला ते पटत नाही, कारण एकाच पेटीतले शू, एकच चालक आणि एकच रस्ता असताना एकच चाक का झिजले हे कळल्याशिवाय सामान बदलले, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हीच वेळ येईल.

आणखी काही माहिती देतो. ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा थोडे जास्त खाली जाते. हँडब्रेकचा दांडा फार वर येऊ लागला होता, म्हणून मध्यंतरी एका गॅरेजमध्ये केबल आवळून घेतली होती. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला विशेष ओढत नाही. दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कंबरतलाव

उजव्या चाकाचा व्हील सिलेंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग, पाहिला का? त्याच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे हलकेच उचलून आत ओल आहे का ते बघा. आत ब्रेक ऑइल साचलेले असेल तर सिलेंडर गळतो आहे हे नक्की.

होटगीकर

टोपणे उचलून पाहिली. दोन्ही चाकांचे सिलेंडर कोरडे आहेत. लायनरवरही तेलाचा डाग नाही.

जुनी अँबेसेडर

माझ्या गाडीचा अनुभव सांगतो. मागच्या एका चाकाचा ब्रेक सारखा बिघडत होता, आणि शू बदलून काही उपयोग होत नव्हता. शेवटी कळले की ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल ड्रममध्ये उतरत होते. सील नवे टाकले तरी तेल येतच राहिले, कारण ॲक्सलच्या नळीवरचे हवा सोडणारे बारीक छिद्र चिखलाने बुजले होते. नळी तापली की आतला दाब वाढायचा आणि तेल सीलला ढकलून बाहेर यायचे. ते छिद्र साफ केल्यावर प्रश्न मिटला. होटगीकरांनी ही बाजूही तपासून घ्यावी.

सातरस्ता

अँबेसेडरच्या बाबतीत हे अगदी खरे आहे, पण मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते. तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये चाकांना जोर वाटून देणारे डिफरन्शियल नाही आणि गिअर ऑइलही नाही. मागे असते ते बेअरिंगचे ग्रीस. ते वितळून लायनरवर आले असते तर काळा चिकट थर दिसला असता, आणि होटगीकर तर लायनर कोरडे असल्याचे सांगत आहेत.

झीज कशी झाली आहे, यावरून बरेच काही वाचता येते. चाक पुढे फिरत असताना पुढच्या शूला ड्रम स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्यावरचा दाब वाढतो आणि तो मागच्या शूपेक्षा लवकर झिजतो. दोन्ही चाकांवर पुढचा शू थोडा जास्त झिजलेला असेल तर ती ड्रम ब्रेकची स्वाभाविक चाल आहे. लायनर एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड असेल तर शू वाकडा आहे किंवा शू ज्या पत्र्यावर बसतात ती बॅक प्लेट वाकली आहे. फक्त मधलाच पट्टा घासलेला असेल तर ड्रम खाऊन मोठा झाला आहे आणि शूची गोलाई त्याला जुळत नाही. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असेल तर ते जास्त तापले आहे, आणि परत ओढणाऱ्या स्प्रिंगांवर निळी झाक असेल तर तापल्याची खात्रीच समजावी.

एका चाकाचे दोन्ही शू झिजले आणि दुसऱ्या चाकाचा एकही झिजला नाही, याचा माझ्या मते अर्थ असा की उजवा ब्रेक सोडल्यानंतरही पूर्ण सुटत नाही. ब्रेक दाबताना होणारी झीज इतकी एकतर्फी नसते. स्प्रिंगांचा रंग कसा आहे, ते कृपया सांगा.

होटगीकर

खालच्या स्प्रिंगला निळसर झाक आहे. मी तो गंज समजत होतो.

मालदांडी

मला वाटते तुम्ही सगळे फार खोलात शिरत आहात. बाजारात मिळणारे स्वस्त लायनर कधी मऊ निघतात, कधी कडक निघतात. मऊ असेल तर ते भराभर झिजते, कडक असेल तर ते ड्रम खाते. उजवीकडे मऊ आले असेल. चांगल्या प्रतीचे शू घ्या, विषय संपला.

भीमाकाठ

मालदांडी, लायनरच्या प्रतीबद्दल तुमचे म्हणणे चुकीचे नाही, पण इथे ते लागू होत नाही. चारही शू एकाच पेटीतले आहेत आणि लायनर झिजण्याबरोबर ड्रमलाही चरे पडले आहेत. शिवाय स्प्रिंग तापून निळी पडली आहे. लायनर नुसते मऊ असते तर तेवढी उष्णता आलीच नसती.

सगळे उजव्या चाकाकडे पाहत आहेत, म्हणून मी मुद्दाम डाव्या चाकाबद्दल विचारतो. इतक्या महिन्यांनंतरही शू नवे राहिले, ही मला झिजलेल्या शूइतकीच काळजीची गोष्ट वाटते. रोज शहरात चालणाऱ्या गाडीचे लायनर थोडे तरी झिजलेच पाहिजे. ते झिजत नाही याचा अर्थ ते ड्रमला नीट टेकत नाही. एका भावाने शेतात राबायचे आणि दुसऱ्याने पारावर बसायचे, अशी अवस्था झाली आहे. आपण मात्र राबणाऱ्याच्याच हातांचे घट्टे तपासत बसलो आहोत.

सातरस्ता

भीमाकाठ, एक शंका आहे. पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलेंडरकडून येणारा तेलाचा दाब मागच्या दोन्ही चाकांना सारखाच मिळतो. डावा ब्रेक काम करत नसला, तरी तेवढ्याने उजव्या चाकाकडे त्याच्या वाट्याचा दाब जात नाही. फार तर चालक पेडल थोडे जास्त जोराने दाबेल आणि तो जोर पुढच्या डिस्क ब्रेकवरही वाटला जाईल. लायनर संपून लोखंड घासण्याइतकी झीज त्यामुळे होणार नाही.

भीमाकाठ

मान्य आहे. नुसत्या दाबाच्या हिशेबाने तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु होटगीकरांनी सुरुवातीलाच जी एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते: हँडब्रेक सैल झाला आणि केबल आवळली. त्याबद्दल मी नंतर लिहितो. आधी उजवे चाक खरोखर अडकते का, हे पाहून घेऊ.

पंढरीची वाट

ते पाहण्याची रीत मी सांगतो. आमच्या घरच्या जुन्या गाड्यांवर मी नेहमी हीच वापरतो.

गाडी सपाट जागेवर उभी करा, पहिला गिअर टाका, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि मगच हँडब्रेक पूर्ण खाली सोडा. तुमच्या गाडीचा गिअर पुढच्या चाकांना धरतो, त्यामुळे मागची बाजू उचलली तरी गाडी हलत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र हा आधार मिळत नाही, तिथे ठोकळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

आता दोन्ही मागची चाके हाताने फिरवून पाहा. उजवे जड असेल तर त्याच्या सिलेंडरमागचा हवा काढण्याचा निपल किंचित सैल करा. तेलाचा थेंब बाहेर येऊन चाक एकदम मोकळे झाले, तर आत दाब अडकून राहिला आहे. अशा वेळी बहुधा तेल नेणारा रबरी होज (नळी) आतून फुगून बंद झालेला असतो. त्यातून पेडलच्या जोराने तेल पुढे जाते, पण परत येत नाही. निपल सोडूनही चाक तसेच जड राहिले, तर दोष अडकलेल्या दाबाचा नसून केबल, दांडी, स्प्रिंग, शू किंवा सिलेंडरमध्येच अडकलेला पिस्टन यांपैकी कशात तरी आहे. ही एक चाचणी केली की अर्धे सामान संशयातून मुक्त होते.

कंबरतलाव

उत्तम माहिती. निपल सोडल्यावर ब्रेक ऑइल रंगावर सांडणार नाही याची काळजी घ्यावी, ते रंग उडवते.

मालदांडी

ड्रम पुन्हा उघडाल तेव्हा कॉम्प्रेसरची हवा मारून आतली सगळी काळी धूळ उडवून टाका. निम्मे आजार धुळीनेच होतात.

सातरस्ता

कृपया हवा मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले तर ॲस्बेस्टोसिस आणि कर्करोग होऊ शकतो. गॅरेजमधली लहान मुले हे काम तोंडाला फडकेसुद्धा न बांधता करताना दिसतात, ते पाहून मला फार वाईट वाटते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धूळ भिजवून पुसून घ्यावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल सिलेंडरच्या रबराला लागू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते.

होटगीकर

सर्वांचे आभार. आज सकाळी पंढरीची वाट यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. डावे चाक सुळसुळीत फिरते, लायनर टेकल्याचा आवाजसुद्धा येत नाही. उजवे चाक जुन्याच शूवर आहे, तरी ते पूर्ण फेरा जड जाते. निपल सैल केला, तेल आले, पण चाक मोकळे झाले नाही.

घाटमाथा

मध्येच बोलतो. आपण तुळजापूरला जाता असे लिहिले आहे. परतताना घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच उतरता का? ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली जाते ते त्यामुळेच. काही गाड्यांतला शू आणि ड्रममधली फट आपोआप जुळवून घेणारा ॲडजस्टर अशा वेळी ती वाढलेली फट झीज समजून भरून काढतो, आणि ड्रम थंड होऊन पुन्हा आकसला की शू त्याला घासत राहतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणजे सुरुवातच तापलेल्या लोखंडाने होते. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडावा. ड्रम फार तापलेले असतील तर खाली पोहोचल्याबरोबर हँडब्रेकही ओढू नये.

भीमाकाठ

घाटमाथा यांचे निरीक्षण बरोबर आहे आणि घाट उतरण्याचा सल्ला तर सर्वांनीच पाळावा. पण तसे झाले असते तर दोन्ही चाकांवर झाले असते, कारण घाट दोन्ही चाकांनी सारखाच उतरला आहे.

निपल सोडूनही चाक जड राहिले, म्हणजे होज निर्दोष आहे. आता हँडब्रेकच्या दांड्याजवळचा केबलचा नट सैल करा आणि उजवे चाक पुन्हा फिरवा. मला जे घडले असावे असे वाटते ते लिहितो.

डाव्या चाकातला ॲडजस्टर गंजून किंवा धुळीने अडकला असावा. त्यामुळे डावे शू जसे बसवले तसेच आत राहिले, ड्रमपासून त्यांची फट मोठी राहिली आणि पेडल खाली जाऊ लागले. हँडब्रेक हेच शू केबलने बाहेर ढकलतो, म्हणून त्याचा दांडाही जास्त वर येऊ लागला. गॅरेजमध्ये त्यावर सगळ्यात सोपा उपाय केला गेला आणि केबल आवळली गेली. डाव्या चाकात फट मोठी असल्याने आवळलेली केबल तिथे कुणाला जाणवली नाही. उजव्या चाकात मात्र ॲडजस्टर नीट काम करत होता, शू ड्रमच्या अगदी जवळ होते. तिथे आवळलेल्या केबलने हँडब्रेकची आतली दांडी तिच्या मूळ जागेवरून उचलून धरली आणि शू ड्रमला कायमचे टेकले. पुढच्या शूला ड्रम स्वतःकडे ओढतो, म्हणून तो आधी संपला. असे असेल तर झिजलेले चाक धडधाकट आहे, आणि आजारी आहे ते न झिजलेले चाक.

म्हणूनच हँडब्रेक सैल वाटला की केबलला हात लावण्याआधी शू आणि ड्रममधली फट जुळवायची असते. केबल शेवटी जुळवायची, तीही ड्रम थंड असताना.

सातरस्ता

माझ्या शंकेचे समाधान झाले. दाब दोन्हीकडे सारखा असूनही झीज एकतर्फी का होते, याचे हे सरळ स्पष्टीकरण आहे.

जुनी अँबेसेडर

तरीही केबलचे आवरण तपासायला विसरू नका. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी नेली असेल तर काळ्या मातीचा चिखल केबलच्या टोकाशी जाऊन सुकतो, आणि रबरी टोपण फाटलेले असेल तर तार आवरणातच गंजते. तसे झाले की दांडा सोडला तरी तार परत जात नाही, आणि लक्षणे अगदी हीच दिसतात.

होटगीकर

भीमाकाठ, आपले निदान बरोबर निघाले. केबलचा नट सैल केल्याबरोबर उजवे चाक मोकळे झाले. तार आवरणात हाताने ओढून पाहिली, ती दोन्ही बाजूंनी सहज सरकते, म्हणजे गंज तिथे नाही. नंतर डावा ड्रम उघडला. ॲडजस्टरचा दातेरी भाग गंजाने पूर्ण घट्ट बसला आहे. पेचकसाने ढकलूनही तो पुढच्या दातावर जात नाही. बॅक प्लेटवर ज्या जागी शूच्या कडा टेकतात तिथेही खळगे पडले आहेत. मिस्त्रींना हे सगळे प्रत्यक्ष दाखवले आणि त्यांनीही ते मोकळेपणाने मान्य केले.

आता दोन प्रश्न उरले आहेत. उजवा ड्रम लेथवर आतून कापून घेतला तर चालेल की नवाच घ्यावा? आणि डावे शू चांगले आहेत, तर फक्त उजवे बदलले तर चालेल का?

अक्कलकोट रोड लेथ

एमआयडीसीत लेथवर काम करतो, ड्रम रोज हाताखालून जातात, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. ड्रमवर त्याचा कमाल आतला व्यास बहुधा कोरलेला असतो. गंज घासल्यावर तो वाचता येतो. लहान गाड्यांत तो नव्या व्यासापेक्षा साधारण एक ते दोन मिलिमीटर जास्त असतो. ड्रम आतून किमान तीन-चार ठिकाणी मोजा. मापे वेगवेगळी आली तर ड्रम अंडाकृती झाला आहे, आणि ब्रेक दाबताना पेडलला धक्के बसतील. चरे निघून गेल्यावरही व्यास त्या मर्यादेच्या आत राहत असेल आणि पुढच्या झिजेला थोडी जागा उरत असेल, तरच कापावा. मर्यादेपर्यंत कापलेला ड्रम घेऊन जाऊ नका, तो लवकर तापतो आणि तडकूही शकतो. आतल्या बाजूला उष्णतेच्या बारीक भेगा दिसत असतील तर मोजण्याचीही गरज नाही, तो भंगारात द्यावा.

मालदांडी

पैसे वाचवायचे असतील तर चरे तसेच राहू द्या, नवे लायनर त्यात आपोआप बसते. अनेक जण तसेच चालवतात.

अक्कलकोट रोड लेथ

नखाला जेमतेम जाणवणाऱ्या बारीक रेषा असतील तर तुमचे म्हणणे चालेल. पण इथे लोखंड ड्रमला घासले आहे. अशा खोल चऱ्यांवर नवे लायनर फक्त उंचवट्यांवर टेकते, तेवढ्याच जागी तापते आणि भराभर झिजते. ड्रम कापण्याच्या खर्चापेक्षा शू पुन्हा बदलण्याचा खर्च जास्त येतो.

सातरस्ता

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे स्पष्ट मत असे की चारही शू एकदम बदलावेत. एका बाजूला जुने, दुसऱ्या बाजूला नवे असे ठेवले तर दोन्हीकडची पकड सारखी राहत नाही, आणि पावसात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबण्याची वेळ आली तर गाडीची शेपूट फिरू शकते. स्प्रिंगाही दोन्हीकडे नव्या घ्याव्यात. निळ्या पडलेल्या स्प्रिंगेत जोर उरलेला नसतो.

कंबरतलाव

हाताशी काम आहेच तर ब्रेक ऑइलही बदलून हवा काढून घ्या. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पाणी शोषलेल्या तेलाला तेच मानक १४० अंशांचे आहे. तुळजापूरचा घाट उतरताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

भीमाकाठ

बॅक प्लेटचे खळगे दुर्लक्षू नका. शूची कड त्यात अडकली तर ॲडजस्टर नवा टाकूनही शू तिरका बसतो. खळगे उथळ असतील तर कानसेने सपाट करून तिथे उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचे फक्त बोट फिरवा. ते लायनरला लागता कामा नये. खोल असतील तर तिथे वेल्डिंग भरून घासावे लागेल किंवा प्लेट बदलावी लागेल.

सगळे बसवल्यावर केबल सैलच ठेवून आधी पेडल अनेकदा दाबा, म्हणजे दोन्ही ॲडजस्टर आपापली फट जुळवून घेतील. दोन्ही चाके हाताने फिरवून लायनर अगदी हलके टेकल्याचा आवाज सारखाच येतो का ते ऐका. त्यानंतर गाडीच्या पुस्तिकेत हँडब्रेकच्या जितक्या खाचा सांगितल्या असतील तितक्या येईपर्यंत केबल आवळा आणि दांडा खाली सोडून चाके पुन्हा फिरवा. पहिले काही दिवस जोरात ब्रेक न दाबता लायनर बसू द्या. आठवड्याभराने हँडब्रेक न वापरता शहरात एक फेरी मारा आणि दोन्ही मागच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. ड्रमला हात लावू नका. दोन्हीकडची ऊब सारखी लागली पाहिजे.

होटगीकर

उजव्या ड्रमचे माप घेतले. एका जागी तो कोरलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ आला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना नवे ड्रम आणि चारही शू घेण्याचे ठरवले आहे. ॲडजस्टर घेताना काही विशेष पाहावे लागते का?

पंढरीची वाट

हो. डावा आणि उजवा ॲडजस्टर वेगळा असतो, दिसायला मात्र जवळजवळ सारखा. दुकानात नुसता ॲडजस्टर मागितला तर समोर जो असेल तो हातात मिळतो. अदलाबदल झाली तर तो फट भरत नाही आणि पुन्हा तुमची केबल आवळली जाते. काढलेला डावा भाग सोबत घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून दात कोणत्या बाजूला आहेत ते जुळवूनच पैसे द्या.